वीरभद्रप्पांना बोट लागली

उस्मानाबादच्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत होते असं सांगितलं, की पुण्यामुंबईकडचे लोक विचारतात, "तिकडं कुठले प्राणी असतात हो?" मी सांगते, "शार्क." मग ते विषय बदलतात.

यात थट्टा काही नाही. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात तेव्हा मुशीचं विच्छेदन सक्तीचं होतं. मुशी म्हणजे शार्कच्या कुळातला हातभर लांबीचा मासा. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, समुद्रापासून लांब. आमचं विद्यापीठही लांबच. पण मूळ पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांच्या घराच्या मागं समुद्र असावा. त्यांना मुशी सोपी वाटली. पुढं सगळ्यांनी तेच पुस्तक धरलं.

या मुशी फॉर्मलिन भरलेल्या ड्रममधून, एस.टी.च्या टपावरून यायच्या. एकदा कंडक्टरनं मला विचारलं, "बाई, हे काय हाय?"

"शैक्षणिक साहित्य."

"शिक्षणाला वास लई मारतोय," तो म्हणाला, आणि ड्रम खाली उतरवायला त्यानं हात लावला नाही.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात आमच्या विभागापुढं वेगळीच अडचण आली. बेडूक मिळेनात. दरवर्षी बेडूक आणून देणारा माणूस रिकामी पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, हिरीत पानीच न्हाई तर बेडकं कुठली?" मग विद्यार्थ्यांचे हात बसावेत म्हणून आम्ही झुरळांवर भर दिला. झुरळांना दुष्काळ जाणवला नव्हता. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात साधा बेडूक मिळत नव्हता, पण शार्क वेळेवर यायचा, हे प्राचार्यांना मी बोलून दाखवलं. त्यांना ते कौतुक वाटलं.

त्या वर्गात महानंदा होती. नळदुर्गच्या किराणा दुकानदाराची मुलगी. घर लिंगायत, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. शिकायला उस्मानाबादला मामाकडं राहायची. बोलायला कमी, हाताला मात्र विलक्षण. मुशीच्या डोक्यातल्या नसा मोकळ्या करणं हे आमच्या विषयातलं सगळ्यात नाजूक काम. तिथं हाडं नसतात, मऊ कुर्चा असते. ती ब्लेडनं पापुद्र्यासारखी तासत जायची असते. हात जरा जड पडला की कुर्चेबरोबर नस गेली. वर्गातले निम्मे विद्यार्थी शेवटी नस हरवून बसायचे आणि दोऱ्याचा तुकडा लावून मला फसवायला बघायचे. महानंदा गळ्यातलं इष्टलिंग पदराआड नीट सारायची, खाली मान घालायची आणि तास संपायच्या आत सगळ्या नसा पांढऱ्या दोऱ्यांसारख्या मोकळ्या करून ठेवायची. मी एम.एस्सी.ला असताना माझ्याही हातून तसं काम झालं नव्हतं.

घोटाळा झाला तो पाण्यापायी. मुशीचा वास साबणानंही जात नाही. त्यामुळं महानंदा मामाकडं गेली की पुन्हा आंघोळ करायची. टँकरवर भांडणं होण्याचे ते दिवस. मामांनी थोडे दिवस बघितलं आणि नळदुर्गला निरोप धाडला. पुढच्या आठवड्यात वीरभद्रप्पा, म्हणजे महानंदाचे वडील, प्रयोगशाळेच्या दारात उभे. धोतर, काळा कोट, टोपी, कपाळाला भस्म.

"बाई, पोरगी दोन बारी आंघुळ करती म्हनं. का?"

"मुशीचा वास जावा म्हणून."

"मुशी म्हंजे?"

"मासा."

ते स्टुलावर बसले. "जित्ता?"

"नाही. मेलेला."

"मंग ही त्याचं काय करती?"

"त्याच्या डोक्यातल्या नसा मोकळ्या करते."

वीरभद्रप्पांनी थोडा विचार केला. "त्याला आता काय उपेग?"

याचं उत्तर विद्यापीठालाही देता आलं नसतं. मी त्यांना महानंदानं केलेलं विच्छेदन दाखवलं. नाकाला उपरणं लावून ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हे हिनं केलं?"

"होय."

"सोनाराकडं बसायच्या लायकीची पोरगी ही," ते म्हणाले. मग उपरणं नीट करत म्हणाले, "हिच्या आईला सांगू नगा."

तेव्हापासून महानंदा महाविद्यालयाच्याच आडावर हातपाय धुऊन जाऊ लागली. आडाला खारवट का होईना, पाणी होतं. तंटा मिटला.

त्याच सुमारास कोकण किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्राचं परिपत्रक आलं. उन्हाळ्यात सागरी जीवशास्त्राचं महिनाभराचं प्रशिक्षण. ओहोटीला खडकांतले प्राणी गोळा करणं, पाण्याचा खारटपणा मोजणं, माशाच्या खवल्यांवरून त्याचं वय ओळखणं आणि शेवटी केंद्राच्या बोटीवरून समुद्रात जाऊन काम. विद्यार्थ्यांसाठी जागा होत्या, शिक्षकांसाठीही होत्या. प्रशिक्षण घेतलेल्याला पुढं त्याच विषयात एम.एस्सी.ला प्राधान्य मिळणार होतं. मी ते परिपत्रक घेऊन प्राचार्यांकडं गेले. मला स्वतःला जायचं होतं, आणि महानंदाला पाठवायचं होतं.

प्राचार्य म्हणाले, "आपल्या जिल्ह्याला समुद्राचा काय उपयोग?"

"शार्कचाही नाही, सर. तो आपण दरवर्षी आणतोच."

ते हसले नाहीत. "विद्यार्थिनीचं नाव पाठवा. तुम्हाला मात्र महिनाभर सोडता येणार नाही. परीक्षेची प्रात्यक्षिकं कोण घेणार? आठ दिवस रजा घ्या आणि तिला पोचवून या."

मी परंड्याची. आमचे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा मी शाळकरी होते. मिळालेली नोकरी आणि मिळालेली रजा यांत वाद घालायचा नसतो, असं आमच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना येत होतं. मी आठ दिवसांचा अर्ज लिहिला.

मग नळदुर्गला गेले. वीरभद्रप्पांचं दुकान हमरस्त्यावर. दारासमोरून हैदराबादकडं जाणारे ट्रक धडधडत जायचे आणि मिठाच्या पोत्यांवर धूळ बसायची. माझ्यासाठी समोरच्या हॉटेलातून चहा आला. कपबशी हॉटेलची होती, त्यामुळं दोघांचीही सोय झाली. मी प्रशिक्षणाचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेलेल्या माशापतोर ठीक होतं," ते म्हणाले. "आता जित्त्याकडं जायचं म्हनता."

"तिच्यासारखा हात माझ्या वर्गात दुसरा नाही, वीरभद्रप्पा. इथं ती पदवी घेईल आणि बसेल. तिथं गेली तर पुढचं शिक्षण आहे, काम आहे."

"ऱ्हानार कुठं?"

"केंद्रप्रमुखांच्या घराशेजारी मुलींसाठी खोली आहे."

"खानार काय?"

"वरणभात मिळेल."

"संग किती पोरी हाईत?"

"हीच एक," मी म्हणाले.

ते मिठाच्या पोत्यावरची धूळ झटकू लागले. आत पडद्यामागं महानंदा आणि तिची आई उभ्या असाव्यात, कारण बांगड्या वाजत होत्या आणि मधेच वाजायच्या थांबल्या. मग वीरभद्रप्पा म्हणाले, "मी सोता येतो. बघतो. बरं न्हाय वाटलं तर त्याच गाडीनं तिला म्हागारी आनतो. तुम्ही मधी बोलायचं न्हाय."

मी होकार दिला. दुसरा मार्ग नव्हता.

आम्ही तिघं निघालो ते कडक भाकरीचा डबा आणि शेंगांच्या चटणीची बरणी घेऊन. प्रत्येकाचा पाण्याचा फिरकीचा तांब्या वेगळा. सोलापूर, कोल्हापूर, मग घाट. किनाऱ्याच्या गावात एस.टी. शिरली तशी सुक्या मासळीच्या वासानं गाडी भरली. वीरभद्रप्पांनी वास घेतला आणि पोरीकडं वळून म्हणाले, "तुझ्या मामाचं काय चुकीचं नव्हतं."

समुद्र बघून ते काही बोलतील असं मला वाटलं होतं. ते वाळूत उभे राहिले, वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग म्हणाले, "जलमभर मीठ इकलं. माल कुठनं येतो ते आज बघितलं." तेवढं बोलून ते मुक्कामाला शंकराच्या देवळाच्या धर्मशाळेत निघून गेले.

पहिला दिवस चांगला गेला. प्रशिक्षणाला आलेली बाकीची सगळी मुलं होती, बरीचशी मुंबई-कोकणातली. ओहोटी लागल्यावर सगळे खडकांवर उतरले. महानंदानं पदर खोचला आणि घोटाभर पाण्यात बसून एकेक दगड उलटा करू लागली. पुस्तकात चित्रं बघून जे जे तिनं पाठ केलं होतं ते तिथं हलत होतं, मिटत होतं, चिकटत होतं. कोकणातली मुलं तिला नावं विचारू लागली. त्यांनी ते प्राणी लहानपणापासून पायाखाली तुडवले होते, पण नावं तिला येत होती. वीरभद्रप्पा वर माडाच्या सावलीत बसून बघत होते. ते काय ठरवताहेत याचा मला अंदाज येईना, आणि मधे बोलायचं नाही असं कबूल केलेलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुखांनी सगळ्यांना बोलावून कामाची वाटणी सांगितली. बोटीची पहिली फेरी उद्या सकाळी. मुलं बोटीवर जातील. मुलीनं प्रयोगशाळेत थांबायचं. प्रमाणपत्रावर समुद्रातल्या कामाची जी ओळ असते ती तिच्या बाबतीत खोडली जाईल. गृहस्थ सभ्य होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आजवर मुलगी कुणी आलीच नाही, त्यामुळं प्रश्नच आला नव्हता."

"आता आला आहे," मी म्हणाले.

"बोट चालवणारा तांडेल तयार होणार नाही. बाईमाणूस बोटीवर असलं की जाळ्याला मासळी लागत नाही असं ते मानतात. माझाही इलाज नाही."

समुद्रातल्या कामाची ओळ नसेल तर पुढच्या प्रवेशाला त्या प्रमाणपत्राचा काही उपयोग नव्हता. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि महानंदानं खाली घातलेली मान बघता तिलाही कळलेलं होतं. मी नियम मागितला. नियम नव्हता. पद्धत होती. पद्धतीशी भांडणं नियमापेक्षा अवघड असतं, हे मी नोकरीत शिकले होते.

बाहेर बाकावर वीरभद्रप्पा बसलेले. त्यांनी पोरीचा चेहरा बघितला.

"काय झालं?"

"बोटीवर नेत न्हाईत, अप्पा. पोरीनं घरात थांबायचं म्हनत्यात."

खरं तर पोरीला घरी न्यायला त्यांना आयतं कारण मिळालं होतं. मला वाटलं, आता ते उठतील आणि ट्रंक मागतील. ते उठले, पण चपला काढून थेट केंद्रप्रमुखांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले.

"साहेब," ते म्हणाले, "पोत्यावर जे लिवलंय ते पोत्यात पायजे."

केंद्रप्रमुखांना कळेना. मी सांगितलं, हे किराणा दुकानदार आहेत.

"तुमच्या कागदावर खडकावरचं काम, पान्याचं काम आन बोटीवरचं काम असं लिवलं हुतं," वीरभद्रप्पा म्हणाले. "ते बघून आमी पोरगी आनली. आता तुम्ही माल काढून घेता आन पोतं तेवढंच म्हनता. आसं मी माझ्या दुकानात केलं तर गिऱ्हाईक पुन्ना येईल का?"

"अहो, पण तिच्या सुरक्षिततेचा विचार..."

"तो माझ्याकडं हाय. तुमच्याकडं माल द्यायचं काम हाय."

तांडेलाला बोलावणं गेलं. तो आला, मान हलवत राहिला, जाळ्याचं कारण त्यानं सांगितलं. वीरभद्रप्पा ऐकून घेत होते आणि दर वेळी पुन्हा पोत्यावर येत होते. शेवटी केंद्रप्रमुख दमले. विषय मिटावा म्हणून म्हणाले, "ठीक आहे. वडील स्वतः बोटीवर येणार असतील तर मी परवानगी देतो. बाईंनीही यावं."

वीरभद्रप्पा नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाण्याच्या काठाला सुद्धा बसणारे नव्हते. पोहायला येत नव्हतं. मासळीच्या वासानं त्यांचं जेवण दोन दिवस अर्ध्यावर आलं होतं. त्यांनी तांडेलाला विचारलं, "किती येळ लागतो?"

"सकाळी गेलं की दुपारपर्यंत."

"बरं," वीरभद्रप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालूनच बोटीवर चढले. खाडीच्या तोंडापर्यंत ताठ बसले होते. तोंड ओलांडून बोट उघड्या पाण्यात गेली आणि त्यांना बोट लागली. मी माणसांना गाडी लागलेली पुष्कळ बघितली आहे, तुळजापूरच्या घाटात तर नेहमीच. ही गोष्ट निराळी होती. आधी भाकरी गेली, मग चटणी गेली, मग काही नसतानाही ते रिकामे होत राहिले. टोपी कुणीतरी काढून बाजूला ठेवली. माझीही तब्येत ठीक नव्हती, पण मी शिक्षिका होते आणि सोबत विद्यार्थी होते, म्हणून मी क्षितिजाकडं बघत उभी राहिले. मुंबईची दोन मुलं आडवी झाली होती. महानंदाला काही झालं नाही. ती खलाशाला जाळं किती खोल जातं ते विचारत होती.

जाळं ओढलं आणि फळीवर ओतलं. सगळी मासळी तडफडत चहूकडं पसरली. बोट कलली तशी ती घसरत वीरभद्रप्पांच्या पायांवर आली. ते ओरडले नाहीत. त्यांनी पाय वर घेतले, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले, डोळे मिटले आणि गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून ओठ हलवत राहिले.

महानंदा मासळीत बसून जाती निवडून वेगवेगळे ढीग लावू लागली. एवढ्यात तिचा हात थांबला. ढिगाखालून तिनं एक मुशी बाहेर काढली. लहान, राखाडी, शेपटी आपटणारी. या माशाच्या डोक्यात कुठली नस कुठून निघते आणि कुठं जाते हे ती डोळे झाकून सांगू शकली असती. जिवंत मुशी मात्र तिनं पहिल्यांदा बघितली होती. मीही.

"अप्पा," ती म्हणाली, "ही मुशी."

वीरभद्रप्पांनी एक डोळा उघडला. "जित्ती हाय?"

"व्हय."

"मंग सोड की."

तिनं तांडेलाकडं बघितलं. तो लांब कुठंतरी बघू लागला. महानंदा काठाशी गेली, ओणवी झाली आणि मुशी पाण्यात सोडली. नंतर थोडा वेळ ती पाण्याकडं बघत तशीच थांबली. मग पदराला हात पुसून ढिगाशी परत आली आणि कामाला लागली.

वीरभद्रप्पांनी पाणी मागितलं. त्यांचा तांब्या लवंडून रिकामा झाला होता. मी माझा पुढं केला. त्यांनी तो तोंडाला लावला, सगळा संपवला आणि फिरकी नीट बसवून परत दिला. माझं आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

जाळ्यात त्या दिवशी रोजच्याइतकीच मासळी लागली. तांडेलानं यावर मत दिलं नाही. दुसऱ्या फेरीला मात्र त्यानं महानंदाला, कुणी न सांगता, बसायला जागा करून दिली, असं तिनंच पुढं मला सांगितलं.

धक्क्यावर उतरल्यावर वीरभद्रप्पा एका खुंटाला धरून उभे राहिले. म्हणाले, "बाई, मी उद्याच्या गाडीनं जातो."

"आणि महानंदा?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "ती कशाला येईल? काम निम्मं ऱ्हायलंय की."

महानंदानं प्रशिक्षण पुरं केलं. प्रमाणपत्रावर ओळ होती. पुढं किनाऱ्यावरच एम.एस्सी. झाली, तिथंच कामाला लागली आणि काही वर्षांनी त्याच प्रशिक्षणाला शिकवू लागली. तोवर आमच्या जिल्ह्यात दुष्काळी कामांतून झालेल्या पाझर तलावांत पाणी साठलं होतं, आणि तलाव आला की सहकारी संस्था यायची. नळदुर्गजवळच्या अशा एका मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी आयुष्यात मासा धरलेला नव्हता. महानंदा सुट्टीला आली की वीरभद्रप्पा त्यांना दुकानात बोलावून घेत. ती तांदळाच्या पोत्यावर बसून मत्स्यबीज कधी आणि किती सोडायचं ते समजावून सांगे. आतून तिची आई विचारी, "झालं का तुमचं मीन-पुराण? जेवायला या." घरात मासा मात्र शेवटपर्यंत आला नाही.

मला ते प्रशिक्षण मिळालं नाही. पुढच्या वर्षी मागितलं, तेव्हा विभागात मी एकटीच होते. नंतर माणसं वाढली, तोवर वयाची अट ओलांडली होती. निवृत्त होईपर्यंत मी समुद्र पुस्तकातून शिकवला. प्रत्यक्ष समुद्रावर माझी एक सकाळ झाली, आणि त्यातली निम्मी मी क्षितिजाकडं बघण्यात घालवली. याची खंत आहे. काही हुशार मुलींची घरं मला वळवता आली नाहीत, त्यांचीही आहे. त्यांतली एक अजून बाजारात भेटते आणि मुलांची चौकशी करून झाली की विचारते, "बाई, ते समुद्राचं अजून चालू आहे का?"

ऐंशीनंतरची गोष्ट. तेरखेड्याची नसीम माझ्या वर्गात होती. तिचं नाव प्रशिक्षणासाठी पाठवलं तशी तिचे वडील इस्माइलभाई भेटायला आले. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या फटाके करणारं. शेडमध्ये दारू ठासताना कधीतरी झालेल्या स्फोटात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो हात टेबलावर ठेवून त्यांनी काळजीनं विचारलं, "बाई, दर्यात धोका लई असंल न्हवं?"

मी त्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "मला फारसा अनुभव नाही. नळदुर्गला एक जण आहेत, ते जाऊन आलेत."

रविवारी मी त्यांना घेऊन नळदुर्गला गेले. वीरभद्रप्पा आता थकले होते. दुकान मुलगा बघायचा, ते गादीवर लोडाला टेकून बसायचे. मी दोघांची ओळख करून दिली आणि इस्माइलभाईंचा प्रश्न सांगितला.

"धोका हाय," वीरभद्रप्पा म्हणाले.

इस्माइलभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

"बोट हालती," वीरभद्रप्पा सावकाश सांगू लागले. "पोटात काय म्हनून ऱ्हात न्हाय. आतडी भाईर येत्यात का काय असं वाटतं. मासळी पायावर येती. घरी आलं तरी जमीन हालती. मला तर वाटलं, आता नळदुर्ग काय दिसत न्हाय."

"मग पोरीला कसं धाडावं, शेठजी?"

"पोरीला काय व्हत न्हाय," वीरभद्रप्पा म्हणाले. "हे समदं बापाला व्हतं. तुम्ही संग जाऊ नगा. तिला एकटीला धाडा."

इस्माइलभाईंनी, किनाऱ्याकडं जायला सकाळची गाडी बरी की दुपारची, ते विचारलं.

नसीमला त्यांनी सोलापूरच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं. गाडी हलेपर्यंत थांबले, आणि तेरखेड्याला परत गेले.